पद्मिनीचं वायरिंग: जुन्याची डागडुजी की नवीन हार्नेस?
आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत डॅशखालची वायर नुसती वाकवली तरी इन्सुलेशन बिस्किटासारखं तुटून हातात येतं, वर आधीच्या मालकाने जागोजागी काळी टेप गुंडाळलेली. डागडुजी स्वस्त पडते, वायरींचे मूळ रंगही राहतात, पण आज हॉर्न केला की उद्या इंडिकेटर, संपतच नाही.

नवीन हार्नेस, म्हणजे गाडीभरच्या वायरींचा अख्खा जुडगा, टाकायचा तर खर्च जास्त आणि दोन रविवार गाडीत आडवं पडून पाठीची वाट, पण एकदाच. शिवाय हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकता येतो, ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर, ते जुन्या स्विचमधून कशाला न्यायचे? मी नवीनच टाकलं. फक्त जुनं काढण्याआधी प्रत्येक टोकाला चिठ्ठी चिकटवा आणि अर्थिंगच्या जागा, म्हणजे जिथे वायर गाडीच्या बॉडीला जोडतात त्या, पत्रा चकाकेपर्यंत घासा, नाहीतर ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो.