तीस पाखरं आणि सेतार: आठ महिन्यांनंतर

चित्रकार पीटर सीस यांचं ‘द कॉन्फरन्स ऑफ द बर्ड्स’ हे चित्रपुस्तक घरी येऊन आठ महिने झाले. पहिली प्रत कोपरे चेपून आली, ती परत केली. दुसरी नीट मिळाली. सूफी काव्य वाचायला यापासून सुरुवात करावी का, असं मैत्रिणी विचारतात, म्हणून लिहिते.

मूळ फारसी काव्य बाराव्या शतकातलं, इराणमधल्या निशापूरच्या फरीदुद्दीन अत्तार यांचं ‘मंतिक-उत-तैर’. अत्तार म्हणजे आपल्याकडेही आडनाव असतं तेच: सुगंधी द्रव्यं आणि औषधं विकणारा. हुदहुद हा तुरेवाला पक्षी बाकीच्या पाखरांना सांगतो, आपलाही राजा आहे, सीमुर्ग, चला त्याला शोधायला. की लगेच सबबी सुरू. बुलबुलला गुलाब सोडवत नाही, बदकाला पाणी, घुबडाला पडक्या वास्तूतलं गुप्तधन. पुढे सात दऱ्या आहेत: शोध, प्रेम, ज्ञान, विरक्ती, ऐक्य, विस्मय आणि सर्वस्व विरून जाणं. त्या ओलांडून पोचतात फक्त तीस पाखरं. फारसीत सी म्हणजे तीस आणि मुर्ग म्हणजे पक्षी. ज्याला शोधत आले, ते तेच.

सीस यांच्या 2011च्या या पुस्तकात शब्द अगदी कमी. पहिल्यांदा वीस मिनिटांत संपलं आणि मी हिरमुसले. पैसे वाया गेले असंच वाटलं. दुसऱ्या महिन्यापासून आठवड्याला एकच दरी असं ठरवलं. तेव्हा कुठे कागदाचा खरखरीत पोतही बोटांना कळू लागला.

संगीताच्या बाबतीत मात्र मी आधी चुकले. चित्रं बघताना मागे कव्वाली लावायची. कव्वाली सगळं लक्ष स्वतःकडे घेते, आणि ते बरोबरच आहे. पण चित्र निसटायचं. मग इराणी गायक शहराम नाझरींनी गायलेला सूफी कवी रूमी ऐकला. इराणी अभिजात संगीतात मस्नवी, म्हणजे दोन-दोन ओळींची यमकं जुळवत जाणारं दीर्घकाव्य, गाण्याची खास रीत आहे, ‘अफशारी’ या रागासारख्या स्वररचनेमध्ये ती ऐकायला मिळते. तिथे तबल्यासारखा ठेका नसतो, लघु-गुरूंच्या चालीवरच आवाज पुढे सरकतो आणि सेतार हे नाजूक इराणी तंतुवाद्य मागून उत्तर देतं. एका रात्री मांडीवर बोटांनी मात्रा धरल्या: गालगागा गालगागा गालगा. अरे, ही तर मराठी वृत्तांतली आपली मेनका! रूमींची मस्नवी आणि अत्तारांचं हे काव्य दोन्ही याच वृत्तात आहेत. माधव ज्युलियन फारसीचे प्राध्यापक होते, त्यांनीच अशी वृत्तं मराठीत रुजवली. मला फारसी येत नाही, पण त्या रात्रीपासून ती परकी राहिली नाही. आता आधी दहा मिनिटं डोळे मिटून ऐकते, मग पूर्ण शांततेत एक पान बघते.

या पुस्तकातली मोठी उणीव म्हणजे अत्तारांच्या गोष्टीतल्या गोष्टी बहुतेक गळल्या आहेत. पतंगांचीच बघा. एक पतंग लांबून ज्योत पाहून येतो, दुसरा पंख पोळून घेतो, तिसरा आत झेपावून ज्योतच होतो, आणि काय ते त्या एकट्यालाच कळतं. या कथांशिवाय अत्तार अर्धेच भेटतात. त्यासाठी अफखम दरबंदी आणि डिक डेव्हिस यांचा इंग्रजी पद्यानुवाद जोडीला ठेवावाच.

आणि एक चित्र बघाच, फुकट आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात या काव्याची 1487ची, आजच्या अफगाणिस्तानातल्या हेरातची हस्तलिखित प्रत आहे. तिच्यात सुमारे 1600 साली, इराणचा बादशहा शाह अब्बासच्या काळात, हबीबुल्लाह या चित्रकाराचं पाखरांच्या सभेचं चित्र घातलं गेलं. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते मोठं करून बघता येतं. एका बाजूला चक्क बंदूकधारी शिकारी आहे! मोर, बगळा, पोपट ओळखता ओळखता अर्धा तास जातो. आईला टॅबवर दाखवलं, तर तिने आधी पाखरं मोजायला घेतली आणि मग विचारलं, “राजा कुठाय गं यात?” मी तिला पुस्तकाचं शेवटचं पान काढून दिलं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी हे चित्र बघावं, मग नाझरी ऐकावेत आणि पुस्तक त्यानंतर मागवावं. लहान मुलांना द्यायचं असेल तर शेजारी बसून, एका वेळी एकच दरी.