एक फाइल, सहा यंत्रं: ब्लेंडर सायकल्ससोबतचे आठ महिने

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घराचे व्ह्यू, म्हणजे संगणकावरची चित्रं, काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी रेंडरिंग, म्हणजे त्रिमितीय मॉडेलवरून चित्र तयार करणं, पूर्णपणे ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या सायकल्स इंजिनवर न्यायचं ठरवलं. सायकल्स प्रकाशाच्या किरणांचा माग काढून चित्र बनवतो. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे पोफळीची बाग. आमचं कोल्हापुरातलं तीन माणसांचं ऑफिस, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड घेताना दहादा विचार करावा लागतो. म्हणून आधी मिळेल त्या यंत्रावर तीच फाइल चालवून बघितली आणि मग त्यातल्याच एका यंत्रावर रोजचं काम सुरू केलं. त्याला आता आठ महिने झाले. ब्लेंडरची आवृत्ती 4.2, जुलै 2024 मध्ये आलेली.

पहिली चाचणी साधी होती: याच घराची बैठकीची खोली, 1920 बाय 1080 पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलसाठी 1024 सॅम्पल, म्हणजे तेवढ्या वेळा किरणांचा माग. पिक्सेल पुरेसा स्वच्छ झाला की आधीच थांबवणारा नॉइज थ्रेशोल्ड बंद ठेवला, म्हणजे प्रत्येक यंत्राला तेवढंच काम करावं लागलं. ऑफिसच्या रायझन 5 5600जी वर, कार्डाशिवाय, दोन तास चाळीस मिनिटं लागली. त्याच डब्यात जुनं 4 जीबीचं जीटीएक्स 1650 बसवलं तर पन्नास मिनिटं. आरटीएक्स 3060 ने नऊ मिनिटांत संपवलं. एका स्नेह्याकडून पुढच्या पिढीचं 8 जीबीचं कार्ड दोन दिवस आणलं होतं, ते सात मिनिटांच्या आत आलं. मॅक मिनी, एम2 चिप आणि 16 जीबी मेमरीवाला, पाऊण तासाच्या आसपास. किरणांची टक्कर मोजणारं खास हार्डवेअर मॅकच्या चिपमध्ये एम3 पासून आलं, त्यामुळे एम2 कडून यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हती.

इथेच थांबले असते तर 8 जीबीचं कार्ड घेऊन मोकळी झाले असते. पण मग बागेचा व्ह्यू लावला.

साठ पोफळी, खाली केळी, चिरेबंदी गडगा, आणि जांभ्याचं 8के टेक्स्चर, म्हणजे भिंतीवर चढवायचं 8192 पिक्सेल रुंद चित्र. त्या वेगवान कार्डावर रेंडर आधी रखडलं आणि मग मेमरी संपल्याचा संदेश देऊन थांबलं. 3060 कडे 12 जीबी आहे. तिथे तेच चित्र निमूट पूर्ण झालं. मॅकवरही झालं, कारण तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्सची मेमरी एकच असते. वेळ भरपूर लागला, पण चित्र हातात आलं, आणि पंख्याचा आवाजसुद्धा नाही.

मेमरीचं गणित नीट समजून घेतल्यावर मला बऱ्याच गोष्टी उलगडल्या. टेक्स्चरची जेपीजी फाइल डिस्कवर वीस-पंचवीस एमबी दिसते, पण कार्डात ती उलगडून बसते. 8192 बाय 8192 पिक्सेल, प्रत्येकाचे चार बाइट, म्हणजे एकटा रंगाचा नकाशा 256 एमबी. त्यावर दगडाचा उंचसखलपणा आणि खरखरीतपणा सांगणारे नॉर्मल, रफनेस, डिस्प्लेसमेंट हे नकाशे वेगळे. तोच नकाशा 4096 चा केला की 64 एमबी. कॅमेऱ्यापासून पंधरा मीटरवरच्या गडग्याला 8के लावून मी काय मिळवत होते? काहीच नाही. कार्डाची मेमरी भरली की सायकल्स काही टेक्स्चर संगणकाच्या रॅममध्ये ठेवतो, पण मग प्रत्येक वेळी तिथून आणावं लागतं आणि वेग कोसळतो. रखडण्याचं कारण हेच होतं.

दुसरी चूक पोफळींची. मी झाडं साध्या कॉपीने पसरली होती, म्हणजे साठ झाडांची भूमिती साठदा मेमरीत. ऑल्ट-डी ने जोडलेल्या प्रती केल्या की भूमिती एकदाच जाते आणि बाकीच्या फक्त जागा नोंदवल्या जातात. या दोन सुधारणांनंतर रेंडरच्या वरच्या पट्टीतला मेमरीचा आकडा दहाच्या वरून सहा जीबीवर आला, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मग 8 जीबीचं कार्ड पुन्हा पुढे गेलं. तरी मी 3060 च घेतलं. सादरीकरणाच्या आदल्या रात्री क्लायंट दोन आंबे आणि एक तुळशीवृंदावन वाढवायला सांगतो, तेव्हा फाइल हलकी करत बसायला वेळ नसतो. त्या रात्री मोकळे चार जीबी माझ्या जास्त कामाला येतात. दोन मिनिटं वाचून विशेष फरक पडत नाही.

पानांबद्दल थोडं सांगते, कारण झाडं सगळ्यांनाच लागतात. पारदर्शक कागदावर पानाचं चित्र चिकटवलेली झाडं मेमरीला हलकी असतात, पण किरणाला प्रत्येक पारदर्शक थर ओलांडावा लागतो. किरण असे किती थर ओलांडेल ते ठरवणाऱ्या ट्रान्सपरंट बाउन्सचा मूळ आकडा 8 आहे. दाट झावळ्यांत तो पुरत नाही आणि मध्ये काळे डाग दिसतात. 32 केला तर डाग गेले, वेळ मात्र खूप वाढला. शेवटी जवळच्या झाडांना खरी कापलेली पानं दिली. मेमरी वाढली, रेंडर लवकर झालं. हा सौदासुद्धा मोठ्या मेमरीवरच परवडतो.

लॅपटॉपवर हे काम करणार असाल तर नावावर जाऊ नका. 3060 हे नाव लॅपटॉपवरही असतं, पण तिथे मेमरी 6 जीबी आणि वीज साधारण 115 वॅटपर्यंत. माझ्या डेस्कटॉपच्या कार्डावर 12 जीबी आणि 170 वॅट. मी वापरलेल्या लॅपटॉपवर, मे महिन्यातल्या दुपारी, पहिलं चित्र वेगात आलं आणि पाचव्यापर्यंत यंत्र तापून वेग उतरत गेला. एक-दोन व्ह्यूसाठी चालेल, वॉकथ्रूसाठी, म्हणजे घरातून फिरवून आणणाऱ्या व्हिडिओसाठी, नाही.

जुनी रेडिऑन कार्डं असलेल्यांनी आधी तपासून घ्या. डिसेंबर 2021 च्या 3.0 आवृत्तीत कार्डाकडून काम करून घेण्याची जुनी ओपनसीएल पद्धत काढून एएमडीच्या रेडिऑन कार्डांसाठी एचआयपी आलं, त्यामुळे आरएक्स 580 सारखी कार्डं सायकल्ससाठी दिसतच नाहीत. रेंडर प्रोसेसरवर होतं. प्रोसेसर आणि कार्ड एकत्र लावण्याचाही प्रयोग केला. माझ्या सहा कोरच्या प्रोसेसरने फरक जेमतेम पडला, उष्णता मात्र वाढली. आता सेटिंगमधली प्रोसेसरपुढची खूण काढून ठेवली आहे.

यूपीएसचा विचार मी उशिरा केला. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देतो. दोन मॉनिटर, प्रोसेसर आणि पूर्ण ताकदीने चालणारं कार्ड मिळून तो काठावर येतो, आणि रात्री लाइट गेली की बंद पडतो. तीन तासांचं काम असं दोनदा गेलं. आता 1000 व्हीएचा घेतला आहे, दुसरा मॉनिटर त्यावर नाही, आणि वॉकथ्रू थेट व्हिडिओत न काढता एकेका फ्रेमच्या पीएनजी काढते, म्हणजे वीज गेली तरी राहिलेल्या फ्रेमपासून पुढे सुरू करता येतं. मोठी फाइल कमांड लाइनवरून लावते; व्ह्यूपोर्ट, म्हणजे काम करताना मॉडेल दाखवणारी खिडकी, उघडा नसल्याने तेवढी मेमरी वाचते.

डिनॉइझरवर, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा पुसणाऱ्या साधनावर, फार विसंबू नका, ही मात्र कळकळीची विनंती. 4.1 पासून ओपन इमेज डिनॉइझ हा डिनॉइझर कार्डावर चालतो आणि काही सेकंदांत चित्र स्वच्छ करतो. पण 100-150 सॅम्पलवर त्याने जांभ्याची छिद्रं पुसून भिंत गुळगुळीत गेरूसारखी केली, आणि खिडकीच्या जाळीच्या कडा विरघळवल्या. ज्या दगडासाठी क्लायंटने हे घर मागितलं, तोच दिसेनासा झाला. त्या व्ह्यूला मी 1500 सॅम्पल दिले आणि रात्रभर थांबले. प्रिंट साइटवर नेली तेव्हा गवंड्याने बोट ठेवून विचारलं, ‘ताई, या दरजा चुन्यात भरायच्या की सिमेंटात?’