फुकट कोडिंग शिकायला गेले आणि पैसे घालवून बसले, कार्ड नंबर टाकायच्या आधी वाचा

हे लिहायचं की नाही यात बरेच दिवस गेले, कारण आठवलं की अजून संताप होतो. पण परवा ओळखीतल्या एकीने विचारलं, "अगं, हा कोडिंगचा फ्री क्लास बघू का?" आणि तिने उघडलेलं पान बघून धस्स झालं माझ्या पोटात. तेच पान, तोच टायमर. तिच्या शेजारी बसून मी तो 'लाइव्ह' क्लास परत बघितला, तर सर त्याच वाक्याला थांबून पाणी प्यायले ज्या वाक्याला माझ्या वेळी प्यायले होते. म्हणजे रेकॉर्डिंगच चालवतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नोकरीत गॅप पडलेली, नवीन काहीतरी शिकावं असं मनापासून वाटत होतं, त्यात 'शून्यापासून कोडिंग, पूर्ण मोफत' अशी जाहिरात दिसली. दोन तासांच्या क्लासमध्ये शिकवणं जेमतेम वीस मिनिटं, बाकी सगळे पगाराचे स्क्रीनशॉट आणि कोण कुठे लागलं त्याच्या गोष्टी. शेवटी सर म्हणाले की कोर्स फ्रीच आहे पण लोक अर्धवट सोडतात म्हणून एक डिपॉझिट भरायचं, कोर्स पूर्ण केलात की पूर्ण परत. स्क्रीनवर पंधरा मिनिटांचा टायमर उलटा पळतोय, कोपऱ्यात सारखी पट्टी येतेय की अमुकने आत्ताच सीट घेतली, तमुकने आत्ताच घेतली, आणि मला वाटलं आपलीच राहते आता. भरले पैसे. भरताना खाली बारीक अक्षरात एक चौकट होती, आधीच टिक केलेली, 'मेंटॉर सपोर्ट, पहिला महिना मोफत', आणि त्यापुढे दरमहा पैसे आपोआप कट होणार असं लिहिलेलं. ते मी वाचलंच नाही.

मग आल्या 'सरांनी स्वतः लिहिलेल्या एक्सक्लुझिव्ह नोट्स'. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची पीडीएफ, प्रत्येक पानावर आडवा मोठा वॉटरमार्क. पहिल्याच धड्यातलं उदाहरण मी जसंच्या तसं टाइप केलं, प्रिंट हा शब्द, पुढे अवतरण चिन्हात एक वाक्य, आणि लाल अक्षरात एरर. परत टाइप केलं, एकेक अक्षर नोट्सशी ताडून बघितलं, तरी तेच. तीन दिवस त्या एका ओळीवर गेले माझे. मेंटॉरला मेसेज केला तर उत्तर आलं की मॅडम तुमचा लॅपटॉप जुना आहे, एन्व्हायर्नमेंट नीट नाहीये, प्रीमियम सपोर्ट घेतलात तर आमची टीम स्क्रीन शेअर करून लावून देईल. म्हणजे अजून पैसे. आणि मी ते भरायच्या बेतात होते, कारण तोपर्यंत मला पक्कं वाटायला लागलं होतं की दोष माझाच आहे, हे आपल्याला जमण्यातलं नाही. पैशांपेक्षा याचं दुःख मला जास्त आहे.

धाकटा भाऊ आला होता तेव्हा त्याला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, एररमध्येच लिहिलंय की काय चुकलंय." खरंच लिहिलं होतं, प्रिंटच्या पुढे कंस राहिलाय, कंस घालून लिहायचं होतं का, असं सरळ त्या एररमध्येच विचारलेलं. भानगड अशी की पायथॉन २ मध्ये प्रिंट कंसाशिवाय चालायचं, पायथॉन ३ मध्ये कंस लागतोच. पायथॉन ३ आलं २००८ मध्ये, आणि १ जानेवारी २०२० पासून पायथॉन २ चा अधिकृत सपोर्टच बंद झालाय. मला विकलेल्या नोट्स त्या बंद झालेल्या पायथॉनच्या होत्या! लॅपटॉप ठणठणीत होता.

भावाने अजून चार पानं उलटली तर एका उदाहरणात व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवायला दिलेलं, नाव 'स्पॅम'. तो म्हणाला हे मी कुठेतरी वाचलंय, आणि पायथॉनच्या अधिकृत साइटवरचं ट्युटोरियल उघडलं. दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवल्या आम्ही. तीच उदाहरणं, कोडमधल्या त्याच टिपा (कमेंट), तोच क्रम, फक्त जुन्या आवृत्तीतलं उचलून त्यावर वॉटरमार्क मारलेला. ते ट्युटोरियल कोणीही फुकट वाचू शकतं, लॉगिनसुद्धा लागत नाही, आणि वर सगळ्या जुन्या आवृत्त्यासुद्धा तिथेच ठेवलेल्या आहेत.

डिपॉझिटचं काय झालं ते पण सांगते. 'कोर्स पूर्ण' याचा अर्थ अटींमध्ये असा होता की ९० दिवसांत सगळ्या असाइनमेंट अप्रूव्ह झाल्या पाहिजेत, आणि शेवटच्या दोन असाइनमेंटवर कुलपाचं चित्र, खाली 'लवकरच येत आहे'. त्या उघडल्याच नाहीत. मुदत संपल्यावर मेल आला की तुम्ही कोर्स पूर्ण न केल्यामुळे रिफंडला पात्र नाही.

नंतर मी परत पहिल्यापासून सुरुवात केली, एक पैसा न देता. हार्वर्डचा सीएस५० म्हणून कोर्स आहे, डेव्हिड मलान शिकवतात, सगळी लेक्चर्स आणि असाइनमेंट ऑनलाइन खुल्या आहेत. सुरुवात स्क्रॅच नावाच्या चित्रांचे ठोकळे जोडायच्या सोप्या भाषेपासून, मग सी ही भाषा, मग पायथॉन, डेटाबेससाठीचं एसक्यूएल, वेबचं. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर व्हेरिफाइड सर्टिफिकेट हवं असेल तर त्याचे पैसे पडतात, पण ते स्पष्ट सांगितलेलं असतं आणि शिकायला काही पडत नाही. शिवाय सगळ्या असाइनमेंट आणि फायनल प्रोजेक्ट केला तर सीएस५० चं स्वतःचं सर्टिफिकेट फुकट मिळतं. त्याच्यासोबत मी फ्रीकोडकॅम्प केलं, ती २०१४ पासून चालू असलेली ना-नफा संस्था आहे, ब्राउझरमध्येच कोड लिहायचा, तिथली सर्टिफिकेटं पण फुकट. जावास्क्रिप्टसाठी, म्हणजे वेबपानं चालवणाऱ्या भाषेसाठी, मोझिलाची एमडीएन ही माहितीची साइट उघडी ठेवायची. पायथॉन, कोड लिहायचं व्हीएस कोड, कोडमधले बदल जपून ठेवणारं गिट, हे सगळं डाउनलोड करायला फुकट. सीएस५० अवघड आहे बरं का, दुसऱ्या आठवड्यापासूनच डोकं दुखायला लागतं, पण तिथे अडलं की निदान असं कोणी म्हणत नाही की आधी पैसे टाका.

जावास्क्रिप्ट थोडं कळायला लागल्यावर मी एक दिवस त्या लोकांचं पान उघडलं, राइट क्लिक करून पेज सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, बघितला. टायमरचा कोड पाच-सहा ओळींचा होता. पान उघडलं की ९०० हा आकडा घ्यायचा, म्हणजे पंधरा मिनिटांचे सेकंद, आणि दर १००० मिलिसेकंदांनी, म्हणजे दर सेकंदाला, एक वजा करायचा. पान रिफ्रेश करा, परत पंधरा मिनिटं. त्यांच्या सर्व्हरशी काही संबंध नाही, सीटच नाहीत. आणि ती 'आत्ताच सीट घेतली' वाली पट्टी? वर एका यादीत तीसेक नावं लिहून ठेवलेली आणि मॅथ डॉट रँडम या यादृच्छिक आकडा देणाऱ्या आज्ञेने त्यातलं कुठलंही एक उचलायचं. ज्या नावांना घाबरून मी कार्ड काढलं ती माणसंच नव्हती. बराच वेळ नुसती बघत बसले त्या ओळींकडे.

तुम्हाला असं पान दिसलं तर आधी एवढं करा, रिफ्रेश करून टायमर परत पहिल्यापासून सुरू होतो का बघा, आणि नोट्सचा नमुना मिळाला तर त्यातलं एखादं वाक्य अवतरण चिन्हात टाकून सर्च करा. फ्री म्हणून कार्ड नंबर मागत असतील तर तिथेच थांबा. नोकरीची गॅरंटी म्हणत असतील तर लेखी मागा, अटींसकट, आणि 'पूर्ण' म्हणजे काय ते त्यात शोधा.

आणि ज्यांचे पैसे ऑलरेडी गेलेत त्यांनी आधी त्या मेंटॉरबरोबर वाद घालत बसू नका, मी त्यात दोन आठवडे घालवले आणि तेवढ्यात अजून एक हप्ता कट झाला. पहिल्यांदा बँकेला सांगून ते दरमहा कट होणं थांबवा, मग जाहिरात, अटींचं पान, कुलूप लावलेल्या असाइनमेंट, सगळ्या चॅट, याचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढा आणि कार्डच्या व्यवहारावर बँकेत डिस्प्यूट, म्हणजे हरकतीची तक्रार, टाका. त्याला मुदत असते, त्यामुळे आजच टाका. मला मेंटॉर सपोर्टचे हप्ते त्यातून परत मिळाले. डिपॉझिट नाही मिळालं, अटींवर मी टिक केलं होतं असं त्यांनी बँकेला दाखवलं. भावाच्या मदतीने त्यावर परत तक्रार लिहिलीये, स्क्रीनशॉटमध्ये त्या कुलपांवरची तारीख स्पष्ट दिसतेय.