दवा बाजारातला एनिमा पॉट: भांडं उत्तम, नळी सुमार

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तरच इंदूरच्या दवा बाजारात मिळणारा हा एक लिटरचा पॉट घ्यावा. स्टील जाड आहे, उकळता येतं. रबरी नळी मात्र उकळून उकळून चिकट होते; सिलिकॉनची वेगळी घ्या. प्लास्टिकच्या नॉझलवर साच्याची शीर राहते. नख फिरवून बघा. अडकलं तर दुकानातच बदलून मागा, नाहीतर आतली नाजूक त्वचा खरचटते.

सोबतच्या पत्रकात ‘उंच टांगा’ एवढंच छापलंय. किती उंच? पलंगापासून दीड फूट, वर नको. धार जोरात आली की पोटात मुरडा येतो आणि पाणी आत टिकत नाही. रुग्ण डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी. आधी तोटी उघडून नळीतली हवा काढा. नॉझलला जेली लावा, मोठ्या माणसाला तीन इंच आत घातलं की पुरे. अर्धा लिटर कोमट पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ. साधं पाणी वारंवार दिलं की रक्तातलं सोडियम घसरतं. रक्त पडत असेल किंवा पोट अचानक दुखत असेल तर हात लावू नका.

शेजारीच एनिमासाठी दाबायचा रबरी फुगा मिळतो. रशियन लोक त्यालाही ‘क्लिझ्मा’च (म्हणजे एनिमा) म्हणतात. मूळ ग्रीक शब्द, रशियनमधून कझाक-उझबेकमध्येही पोचला. तुर्कांनी मात्र फ्रेंचांकडून ‘लावमान’ उचलला. (आपला एनिमाही ग्रीकच.) फुगा स्वस्त, पण आतून नीट धुता येत नाही. पॉटच घ्या.