विद्यावेतन, अप्रेंटिस की कर्ज: सोलापुरात राहून काय धरावं?

पदवी किंवा आयटीआय झालं, की सोलापुरात नातेवाईक पहिलं विचारतात, 'पुण्याला कधी जाणार?' ज्यांना इतक्यात जायचं नाही किंवा जमत नाही, त्यांच्यासाठी सरकारच्या तीन योजना कामाच्या आहेत. जाहिरात तिन्हींची रोजगार म्हणूनच होते. हातात मात्र एकीत महिन्याचे पैसे पडतात, दुसरीत प्रमाणपत्र आणि तिसरीत कर्ज.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली. यात कचेरीत किंवा कारखान्यात काम शिकायचं आणि महिन्याला सरकारचं विद्यावेतन घ्यायचं. वय 18 ते 35, नोंदणी 'महास्वयं' या सरकारी पोर्टलवर. बारावीवाल्याला महिना 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. मुदत आधी सहा महिने होती, नंतर 11 झाली. संपल्यावर कायम करायचं बंधन कुणावरच नाही. ग्रामपंचायत किंवा सरकारी कचेरी मिळाली की घरचे खूश होतात. माझं मत उलटं आहे. तिथल्या साहेबाला तुमचं काम कितीही आवडलं, तरी भरती त्याच्या हातात नसते. त्यापेक्षा चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत असा कारखाना शोधा, जिथे हिशेबाला किंवा डिस्पॅचला माणूस खरंच हवाय. लाभ एकदाच मिळतो, तो जावक रजिस्टर लिहिण्यात घालवू नका.

आयटीआय झालेल्यांनी आधी अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी बघावी, विद्यावेतन थोडं कमी पडलं तरी. कारण मागे राहणारा कागद. शेवटची परीक्षा पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं आणि ते देशभर चालतं. आपल्या जिल्ह्याला तर यात एक खास सोय आहे. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत सोलापूरच्या कॅरेज-वॅगन डेपोसाठी आणि कुर्डुवाडी वर्कशॉपसाठी जागा निघतात. लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. दहावीला 50 टक्के हवेत, आणि वयाची अट कडक: खुल्या गटाला 24 पर्यंतच. शिवाय रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल-1 (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. ही नोकरीची हमी नाही, परीक्षा द्यावीच लागते. पण स्पर्धा बरीच आवाक्यात येते. तेवीस वर्षांचा फिटर असाल तर बाकीचं नंतर.

तिसरी योजना म्हणजे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम: स्वतःचं युनिट टाकायला बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारची सबसिडी. लोक इथे सबसिडीचा आकडा ऐकून येतात. 10 लाखांचं युनिफॉर्म शिवायचं युनिट धरा. खुल्या गटातल्या मुलाला शहरात 15 टक्के, म्हणजे दीड लाख. ग्रामीण भागात 25 टक्के, अडीच लाख. महिला किंवा अनुसूचित जाती-जमातीतल्या अर्जदाराला हेच 25 आणि 35 टक्के. म्हणजे तीच मशिनं हद्दीच्या आत टाकली की बाहेर, यावर लाखभर रुपये ठरतात. पण ही रक्कम हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते, युनिट चालू असल्याची तपासणी होते, मग कर्जात वळती होते. हप्ते त्याआधीच सुरू झालेले असतात. बँकेत सिबिल (आधीची कर्जं वेळेवर फेडलीत का, ते सांगणारा स्कोअर) विचारतात आणि माल कुणाला विकणार ते विचारतात. घरात माग किंवा शिलाईचा धंदा आधीपासून असेल तर उत्तर तयार असतं. नसेल तर आधी वर्षभर दुसऱ्याच्या कारखान्यात काम करा. कारागिरांची उचल आणि उधारीची वसुली प्रकल्प अहवालात नसते.

कुठलंही धरा, पण खातं आधारला जोडलंय का ते अर्जाआधी बँकेत विचारून घ्या; ते नसेल तर मंजूर विद्यावेतनही अडकतं.