क्वांटम एस्प्रेसोवर ऊर्जावान को-क्रिस्टल: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्फोटकांवर काम करते म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरतात. माझ्याकडची स्फोटकं सगळी क्वांटम एस्प्रेसोच्या, म्हणजे स्फटिकांची रचना आणि ऊर्जा गणिताने काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, इनपुट फाइलमध्ये आहेत. सीएल-२०, टीएनटी आणि एचएमएक्स ही तीन स्फोटकं, आणि त्यांचे दोन को-क्रिस्टल, म्हणजे दोन प्रकारचे रेणू ठरावीक प्रमाणात शेजारी बसवलेले स्फटिक: सीएल-२० आणि टीएनटीचा १:१, आणि सीएल-२० व एचएमएक्सचा २:१. दोन्ही मिशिगन विद्यापीठातल्या बोल्टन आणि मॅट्झगर यांनी २०११-१२ मध्ये जाहीर केलेले. सीएल-२० जोरदार पण धक्क्याला हळवा. शेजारी शांत रेणू बसवून त्याला आवरता येतं का, हा त्यामागचा विचार.

सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मुक्तस्रोत आहे. पण पहिल्या दिवसापासून बरोबर उत्तर देतं असं समजू नका. या स्फटिकांत रेणूंना धरून ठेवणारे मजबूत बंध नाहीत, सगळा भार क्षीण आकर्षणावर. ते आकर्षण हिशेबात धरणारी डिस्पर्शन दुरुस्ती मात्र मुळात बंद असते. ती तुम्ही मागितली नाहीत तर प्रोग्राम चकार शब्द न काढता गणित पूर्ण करतो आणि पीबीई या नेहमीच्या सूत्राने काढलेली युनिट सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा मूळ तुकडा) फुगून येते. डी३ ही दुरुस्ती लावा, मगच पुढचं बोला.

व्हीसी-रिलॅक्स, म्हणजे अणूंसोबत सेलचा आकारही मोकळा सोडणारं गणित, मला आवडलं ते एका गोष्टीसाठी. सेलचा आकार बदलत गेला तरी प्लेन वेव्हचा (इलेक्ट्रॉन ज्यांत मांडतात त्या लहरींचा) संच सुरुवातीच्या सेलचाच राहतो. म्हणून शेवटी प्रोग्राम नव्या सेलवर आपणहून एक एससीएफ (इलेक्ट्रॉनांचं गणित स्थिर होईपर्यंत फिरवणं) करतो. तिथला दाब आधीच्या पायरीपेक्षा बराच वेगळा दिसला तर कटऑफ (किती लहरी घ्यायच्या याची मर्यादा) तोकडा आहे. आउटपुटच्या तळाशी हे असतं, आणि तिथवर वाचत कोणी जात नाही!

सुरुवात एचएमएक्सवाल्यापासून करा. त्याच्या सेलमध्ये २०० अणू, टीएनटीवाल्यात ४५६. मोठ्या सेलला के-पॉइंटांपैकी (गणित ज्या नमुना-बिंदूंवर करायचं ते) फक्त गॅमा हा एकच बिंदू पुरत असेल तर के-पॉइंटच्या जागी 'गॅमा' असंच लिहा, मेमरी जवळजवळ निम्मी लागते. सीआयएफमधले (स्फटिकाची रचना देणाऱ्या फाइलमधले) अंक गोल करून टाकू नका, सममिती हरवते आणि वेळ उगाच वाढतो.

आता घनता. सीएल-२०/एचएमएक्सची मोजलेली घनता ९५ केल्विनला २.०० ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, खोलीच्या तापमानाला १.९४५. आपलं गणित शून्य केल्विनचं, तेही अणूंची कंपनं वगळून. मग १.९४५ शी 'तंतोतंत जुळलं' म्हणून मिरवणारा आलेख दिसला की मला आनंदाऐवजी शंका येते. थंडीतल्या मोजमापाशीच तुलना करा, किंवा कंपनांचा हिशेब धरून तापमान वाढवा.

विघटन बघायचं असेल तर हे हत्यार नव्हे. तिथे लॅम्प्स हा रेणूंची हालचाल चालवणारा प्रोग्राम, आणि बंध तुटू-जुळू देणारा फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रं) रिअ‍ॅक्सएफएफ, काळाची पायरी ०.१ फेम्टोसेकंदाच्या आसपास. तो फोर्स फील्ड आपल्या रेणूंसाठी तपासलेला आहे का, हे आधी पाहा.

संवेदनशीलतेचा आकडा मात्र यातलं कोणीच थेट देत नाही. एन-एनओ२ (नायट्रोजन आणि नायट्रो गट यांच्यातल्या) बंधाची ऊर्जा काढून 'हा को-क्रिस्टल सुरक्षित' असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. ती ऊर्जा फार तर क्रम लावायला कामी येते. सुरक्षित आहे की नाही, ते पुण्यातल्या एचईएमआरएलसारख्या स्फोटकांच्या प्रयोगशाळेत नमुन्यावर वजन पाडूनच कळतं.

रचना, घनता, दाबाखालचं वागणं यांसाठी हे सॉफ्टवेअर खुशाल घ्या. लिनक्सच्या टर्मिनलची धास्ती असेल, तर आधी ती घालवा.