जॅलने आठ महिने: हानेदा-दिल्लीच्या सहा फेऱ्यांनंतर

नोकरी टोकियोत, आई नाशकात. त्यामुळे आठ महिन्यांत जपान एअरलाइन्सने, म्हणजे जॅलने, सहा वेळा हानेदा-दिल्ली केलं. त्यातल्या दोन खेपांना आई सोबत होती.

आधी आसनाचं, कारण नऊ तास तिथेच काढायचे असतात. बोईंग 787च्या इकॉनॉमीत बाकीच्या कंपन्या एका ओळीत 9 जण बसवतात. जॅल 8च बसवते, दोन-चार-दोन. कडेच्या जोडीत आई आणि मी, तिसरं कुणी नाही. गुडघ्यांनाही ऐसपैस जागा. शाकाहारी जेवण मात्र आगाऊ सांगून ठेवा. विमान निघताना खालचे कर्मचारी ओळीने उभे राहून हात हलवतात. आईही खिडकीतून हलवते. आपण त्यांना दिसत नसणार, हे मी तिला सांगितलेलं नाही.

हीच कंपनी 19 जानेवारी 2010 रोजी दिवाळखोरीत गेली होती, डोक्यावर सुमारे 2.3 लाख कोटी येनचं कर्ज घेऊन. सरकारने क्योसेरा या जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे संस्थापक काझुओ इनामोरी यांना गळ घातली. वय 78, विमानधंद्याचा अनुभव शून्य, पगार घेणार नाही म्हणाले. महिन्याचे आकडे हाती यायला तिथे दोन-तीन महिने लागत. तुम्हाला भाजीचं दुकानही चालवता येणार नाही, असं त्यांनी वरिष्ठांना सुनावलं. खरंच आहे, आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीला रात्री गल्ला मोजल्याशिवाय झोप येत नाही! मग कंपनीचे छोटे छोटे गट पाडले, प्रत्येकाचा जमाखर्च वेगळा. कुठल्या उड्डाणात किती सुटले, हे दुसऱ्या दिवशी कळू लागलं. ओळीत एक माणूस कमी बसवायची हिंमत अशा हिशेबातूनच येत असावी, हा आपला माझा अंदाज.

पण नुसत्या इनामोरींच्या तत्त्वज्ञानाने कंपनी उठली, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. सरकारी पाठबळाच्या निधीने 35,000 कोटी येन ओतले, कर्जदात्यांनी 52,000 कोटींवर पाणी सोडलं, भागधारकांचे पैसे बुडाले. जुनी जम्बो विमानं गेली, तोट्यातले मार्ग बंद झाले. सुमारे 16,000 नोकऱ्या गेल्या, निवृत्तांची पेन्शनही कापली. 2010च्या शेवटच्या दिवशी 165 वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांना काढलं. ते कोर्टात गेले आणि हरले. सप्टेंबर 2012 मध्ये शेअर पुन्हा बाजारात आला, तेव्हा सरकारी मदतीमुळे स्पर्धा असमान झाली, ही स्पर्धक कंपनी एएनएची कुरकुर चालूच होती. मला ती अगदीच गैर वाटत नाही.

2022 मध्ये टाटांकडे परतलेल्या आपल्या महाराजाची, म्हणजे एअर इंडियाची, तुलना लोक याच्याशी करतात. पण टाटांनी विकत घेतलेल्या कंपनीत स्वतःचा पैसा घातला. जॅलचं बरंच कर्ज कोर्टाच्या छत्राखाली पुसलं गेलं. दोन वेगळी दुखणी.

या प्रवासातला खरा मनस्ताप दिल्लीच्या पुढचा. तिथून मुंबईचं तिकीट मी दुसऱ्याच एका कंपनीचं वेगळं काढतो. एकदा बॅग आली नाही, आणि काउंटरवरच्या तिघांनी तीन उत्तरं दिली. दोन तिकिटं वेगळी काढणार असाल, तर मध्ये किमान पाच तास ठेवा.

जॅलचं तिकीट स्वस्त नाही. तरी दिवाळीचं काढलंय, जाताना मी एकटा, येताना दोघं. खिडकी आईची.